चाव्या वाजवायच्या नाहीत

शकूताई, तुम्ही गेलात आणि वॉर्डात सगळ्यात आधी आवाज बदलला.

दहावा उरकून मी ड्युटीवर परत आले, तर कोर्ट वॉर्डाच्या दारात एक नवा अटेंडंट मामा चाव्यांचा जुडगा बोटावर गरगर फिरवत उभा. छन् छन् छन्. तुम्ही असतात तर तुमच्या एका नजरेसरशी तो जुडगा त्याच्या खिशात गेला असता. माझ्याकडे ती नजर नाही, तुम्हाला माहीत आहे. मी ओरडले. अशी ओरडले की आतले पेशंट दचकून आपापल्या कॉटवर उठून बसले. म्हणजे चाव्यांनी जे बिघडवायचं राहिलं होतं ते मी बिघडवलं. मग मला तुमचाच राग आला. सांगून तरी जायचं की हो, वंदना, आता तू बघ म्हणून!

तुमच्या जागी तात्पुरती इन्चार्ज म्हणून माझं नाव लागलंय. पहिल्या दिवशी तुम्ही मला या दारात उभं केलं होतंत, ते आठवतं. मानसिक आजाराच्या नर्सिंगचा डिप्लोमा करून आले होते, म्हणजे नाक वर. तुमच्याकडेही तोच डिप्लोमा, माझ्या कितीतरी आधीचा, हे नंतर कळलं. मला वाटलं तुम्ही औषधांचं काही विचाराल. तुम्ही माझ्या हातात चाव्या दिल्या आणि म्हणालात, "चालून दाखव." मी चालले. "पुन्हा. आवाज नको." पुन्हा चालले. चौथ्या खेपेला तुम्ही चाव्या घालायला खाकी फ्लॅनेलची एक छोटी पिशवी काढून दिलीत, वॉर्डातल्या फाटक्या पांघरुणातून घरी हातानं शिवलेली. "इथली निम्मी माणसं जेलमधून आलीत," म्हणालात. "चावी वाजली की ती तिथं परत जातात. आपल्याला त्यांना इथं ठेवायचंय."

एवढंच. डिप्लोम्याच्या अख्ख्या वर्षात मला हे कुणी सांगितलं नव्हतं.

बाहेरच्या लोकांना आपल्या वॉर्डाचं कोडंच असायचं. नाशिकमध्ये कुणाला सांगितलं की मी कोर्ट वॉर्डात आहे, तर समोरचा खुर्ची जरा मागे घेतो. ज्यांच्या हातून खून, जाळपोळ असं काही घडलं, पण तेव्हा त्यांचं मन ठिकाणावर नव्हतं असं कोर्टाला वाटलं, ती माणसं आपल्याकडे. ती आरोपीही आणि आजारीही. आणि त्यांना सांभाळणारे कोण, तर आपण चार सिस्टर, दोन डॉक्टर, आणि ज्यांना सगळे मामा म्हणतात ते अटेंडंट. मामा एजन्सीकडून येतात. कुणी काल एटीएमच्या दारात बसत होता, कुणी द्राक्षाच्या पॅकिंगला होता. एजन्सी त्यांना अर्धा दिवस ट्रेनिंग देते. सलाम कसा ठोकायचा, काठी कशी धरायची, आणि पेशंट अंगावर आला तर शिट्टी. तुम्ही एकदा त्या शिट्ट्या गोळा करून ड्रॉवरमध्ये टाकल्या होत्यात. "गावात जत्रा असली की न्या," म्हणालात.

म्हणून तुमचा बुधवारचा क्लास. अडीच वाजता, धुतलेले कपडे वाळत घालायच्या खोलीत. ओल्या चादरींच्या मधे उभ्या राहून तुम्ही शिकवायच्यात: ज्याला आवाज ऐकू येतात त्याच्याशी वाद घालायचा नाही आणि हो ला हो पण म्हणायचं नाही. धरायची वेळ आलीच तर कुठं धरायचं, म्हणजे हाड दुखणार नाही आणि अपमानही होणार नाही. आणि नंतर, सगळं शांत झाल्यावर, धरणाऱ्यानं आणि धरलेल्यानं एका बाकावर बसून पाणी प्यायचं. "रेशमाला गाठ पडली की ओढायचं नाही," तुम्ही म्हणायच्यात. येवल्याच्या मागावर लहानपण गेलेल्या तुम्ही. "ओढलं की गाठ बसते. ढिलं सोडायचं, मग ती आपण होऊन वाट दाखवते." मामा लोकांना रेशीम काय ठाऊक? पण गाठ सगळ्यांना कळायची.

या क्लासपायी तुम्ही किती जणांशी वाकडं घेतलंत! एजन्सी म्हणायची, हा वेळ ड्युटीत धरणार नाही. वरचे म्हणायचे, सिस्टरांचा हा खाजगी उत्साह आहे. तुम्ही कुणाशी भांडला नाहीत, फक्त पुढच्या बुधवारी पुन्हा क्लास घेतलात. भांडायचं खातं तुम्ही माझ्याकडे दिलं होतंत, आणि मी ते सगळ्यात जास्त तुमच्यावरच वापरलं.

आपलं खरं भांडण एकच होतं. पेठकडचा यशवंतमामा नवा होता तेव्हापासूनचं. नामदेवला नुकतंच कोर्टानं पाठवलं होतं. सिन्नरच्या बाजूचा, शेतातलं पोर वाटावा असा, तिशीचा असूनही. त्याला आजारात वाटायचं की आई जेवणात विष कालवते. त्यातच त्यानं आईला मारून टाकलं. तुमचा नियम होता की मामा लोकांना गुन्हा सांगायचा नाही. कसा वागतो, कशानं बिथरतो, एवढं सांगायचं, बाकी नाही. यशवंतला दोन दिवस काही माहीत नव्हतं आणि तो नामदेवशी छान वागत होता. तिसऱ्या दिवशी कोर्टाच्या तारखेला न्यायला आलेल्या पोलिसानं तंबाखू मळता मळता सगळं सांगून टाकलं. त्या दुपारी यशवंतनं नामदेवचा चहाचा कप जमिनीवर ठेवला आणि पायानं पुढे सरकवला.

नामदेवनं तो चहा घेतला नाही. दुसऱ्या दिवशी जेवणही घेतलं नाही. विष कालवलंय, म्हणाला.

त्या संध्याकाळी मी तुमच्यावर किती चिडले होते. "ताई, आपण सांगितलं असतं तर यशवंतला घाबरायला आणि सावरायला आपल्यासमोर वेळ मिळाला असता. आता तो पोलिसाकडून शिकला." तुम्ही म्हणालात, "गुन्हा कोर्टाचा, माणूस आपला. झाकली मूठ सव्वा लाखाची." मी म्हटलं, "मूठ झाकलेली राहिली तर ना! गेटवरचा प्रत्येक पोलीस ती उघडून दाखवतो." तुम्ही म्हणालात, "एकदा सांगितलंस की त्यांना पेशंट दिसणार नाही, बातमी दिसेल." मी म्हटलं, "म्हणूनच तर शिकवायचं. माहीत असूनही कप हातात द्यायला शिकवायचं." तेव्हापासून हे भांडण सुरू. चहाला, डबा खाताना, देवळाली कॅम्पच्या बसला सोडायला आले की स्टॉपवर. तुम्ही यशवंतला ओरडला नव्हतात, पुढच्या बुधवारी क्लासमध्ये त्यालाच नामदेव केलं होतंत आणि दुसऱ्या मामाला त्याच्याकडे पायानं कप सरकवायला लावलं होतंत, हे मला मान्य आहे. तो उठून बाहेर गेला होता, आणि परत आला होता तेव्हा वेगळा माणूस होता, हेही. पण नियम तुम्ही बदलला नाहीत.

शेवटच्या शनिवारी स्टॉपवर तुम्ही म्हणालात, "तुझं थोडं पटायला लागलंय. सगळं नाही. सोमवारी बोलू." बस आली. मी नेहमीप्रमाणे पिशवी वर दिली, तुम्ही नेहमीप्रमाणे म्हणालात, "जा आता, घरी पोरं वाट बघत असतील." रविवारी सकाळी तुमच्या यजमानांचा, सुभेदारकाकांचा, फोन आला. तोफखान्यात आयुष्य काढलेल्या माणसाचा आवाज इतका बारीक होतो, हे मला माहीत नव्हतं.

कोणतं थोडं पटलं होतं, शकूताई? मी बसमध्ये का चढले नाही तुमच्याबरोबर?

असो. तुम्हाला हुंदके चालायचे, पण पाच मिनिटं. मग म्हणायच्यात, "झालं? आता काम सांग." तर काम सांगते.

मी रजेवर होते, निम्मा वेळ तुमच्याच स्वयंपाकघरात काकांसाठी चहा करत. त्याच आठवड्यात नवे मामा आले. त्यांना तुम्ही मिळालाच नाहीत. इकडे नामदेव रोज विचारायचा, सिस्टर कुठं हायेत. तुम्ही गेलात हे त्याला सांगायची कुणाची छाती झाली नाही. एकानं सांगितलं रजेवर. दुसऱ्यानं सांगितलं बदली झाली. तिसरा, तोच चाव्या फिरवणारा संतोष, म्हणाला मुलीकडे पुण्याला गेल्यात, बाळंतपणाला.

मी आले तेव्हा नामदेव खिडकीशी उभा होता. माझ्याकडे न बघता म्हणाला, "सिस्टरला मुलगी नाय."

"नाही," मी म्हटलं.

"मंग हे लोक खोटं का बोलत्यात? आन् गोळीचं तरी खरं बोलत्यात का? ती गोळी कशाची हाय?"

यशवंतला बाजूला घेऊन विचारलं, तर तो म्हणाला, "ताई, दोन दिस झालं गोळी जिभेखाली धरतोय. थुंकताना मी बघलंय. काल भाकर पण वास घेऊन खाल्ली."

भाकरीचा वास घेणं म्हणजे काय, हे या वॉर्डात तुम्ही, मी आणि यशवंत सोडून कुणाला कळणार होतं? इतक्या वर्षांनी तो बरा व्हायला आला होता. कोर्टाकडे अहवाल जायचा होता. आणि आपण सगळ्यांनी मिळून, त्याच्याच भल्यासाठी, त्याला पुन्हा त्या जागी नेऊन ठेवत होतो जिथं घरातली माणसं खोटं बोलतात आणि ताटात काय आहे ते सांगता येत नाही.

मी अधीक्षक डॉक्टरांकडे गेले. ते वाईट माणूस नाहीत, तुम्हीही म्हणायच्यात. ते म्हणाले, "सिस्टर, मृत्यूची बातमी, तीही त्यांची, आणि याच्या केसमध्ये आई आहे. वॉर्डात निम्मी माणसं नवी. काही झालं तर धरणार कोण? औषध जरा वाढवू आणि थांबू."

"सर, औषध तो गिळतच नाहीये. किती वाढवाल?"

ते म्हणाले, "तुमची जबाबदारी?"

"माझी."

"मग ऐका. काही बरंवाईट झालं तर तो बुधवारचा क्लास कायमचा बंद. एजन्सीचं ट्रेनिंग आहे, तेवढं पुरे."

मी "हो" म्हणून बाहेर आले. तुमचा अख्खा क्लास मी एका नामदेववर लावून आले होते. पण मग विचार केला, क्लास त्याच्यासाठी नसेल तर कुणासाठी आहे?

बुधवारी अडीचला वाळवणाच्या खोलीत सगळ्यांना बोलावलं. तुमच्यासारखं उभं राहायचा प्रयत्न केला, तर एक ओली चादर तोंडावर येऊन बसली. मामा हसले. बरं झालं. मग म्हटलं, "आज एकच धडा. वाईट बातमी कशी सांगायची." संतोषला नामदेव केलं. यशवंतनं सांगायचं.

यशवंत उभ्यानंच सुरू झाला. मी म्हटलं, बसून. तो दारात बसला. मी म्हटलं, दाराची वाट मोकळी ठेव, त्याचीही आणि तुझीही. मग तो देव, नशीब, सगळ्यांनाच जायचंय एकदा, असं गोल गोल फिरायला लागला. मी म्हटलं, शब्द थोडे. 'वारल्या' हा शब्द आलाच पाहिजे, आणि मग गप्प. तो म्हणाला, "सिस्टर वारल्या, नामदेव." आणि गप्प बसला.

संतोष खोटाखोटा नामदेव, पण त्याचं तोंड उतरलं. तो म्हणाला, "मग मला पुण्याचं का सांगितलं?"

संतोष स्वतःच म्हणाला, "च्यायला, ते मीच सांगितलं होतं." या वेळी कुणी हसलं नाही. एजन्सीच्या अर्ध्या दिवसात हे शिकवता येत नाही, शकूताई. ज्याच्याशी आपण खोटं बोललो त्याच्या जागी बसल्याशिवाय ते समजत नाही. तुम्ही हे इतकी वर्षं का करत होतात ते मला त्या खोलीत समजलं. समजलं म्हणजे आधी माहीत होतं, आता पटलं.

नामदेवला कोण सांगणार, मी विचारलं. मी तयारच होते. यशवंत म्हणाला, "मी सांगतो. तेला पायानं कप मीच सरकवला व्हता."

चहाच्या वेळी व्हरांड्यातल्या बाकावर नामदेव बसला होता. यशवंत शेजारी बसला. मी समोर. संतोष आणि दुसरा एक मामा जरा लांब, भिंतीला टेकून. यशवंतनं चहाचा कप त्याच्या हातात दिला, हाताला हात लागेल असा. मग म्हणाला, "नामदेव, सिस्टर वारल्या. आम्ही तुला खोटं सांगितलं. चुकलं आमचं."

आणि गप्प बसला. चहावर साय धरली.

"आजारी व्हत्या?"

"नाय. घरी व्हत्या. छातीत दुखलं, गेल्या."

"त्यांना कोणी काय केलं नाय ना? जेवणात बिवणात?"

"नाय. डॉक्टरनं बघलं. हार्ट बंद पडलं."

नामदेवनं कप खाली ठेवला. दोन्ही हात पालथे करून पाहिले, मग सुलटे. आणि यशवंतकडे बघून विचारलं, "मी इथंच व्हतो ना तवा?"

मी इतकी वर्षं नोकरी केली, डिप्लोमा केला, तुमच्याशी भांडले. या प्रश्नाची माझी काही तयारी नव्हती. यशवंतची होती. तो लगेच म्हणाला, "इथंच व्हतास. माझ्यासमोर भाकर खात व्हतास. तुझ्या हातून काय झालं नाय."

मग नामदेव रडला. मोठ्यानं, अंग हलवून. संतोष सवयीनं पुढे झेपावला, त्याचा दंड धरायला. यशवंतनं नुसतं वर पाहिलं. ती नजर मी ओळखली, ताई. ती तुमची होती. मला नाही आली, त्याला आली. संतोष होता तिथंच जमिनीवर बसला, आणि बसताना त्यानं खिशावर हात दाबून धरला, चाव्या वाजू नयेत म्हणून.

रडणं ओसरल्यावर यशवंत पाण्याचे दोन पेले घेऊन आला. दोघे प्यायले. नामदेवनं माझ्याकडे हात पुढे केला. "गोळी दावा." मी पाकीट दिलं, नाव वाचून दाखवलं, कशासाठी ते सांगितलं. त्यानं ती गिळली आणि तोंड उघडून दाखवलं. मी म्हटलं, "दाखवायची गरज नाही." तो म्हणाला, "ऱ्हाऊ द्या. आज बघा."

उठता उठता त्यानं संतोषकडे बोट केलं. "यांना माझं माहीत हाय का?"

आता आलं का आपलं भांडण! मी तुमच्या बाजूनं बोलू की माझ्या, कळेना. शेवटी म्हटलं, "मला माहीत नाही त्यांना काय माहीत आहे ते. तू सांग, नामदेव. सांगायचं का? आणि कुणी?"

तो म्हणाला, "सांगा. पर माझ्या माघारी नको. मी बसलेला असताना सांगा."

ऐकलंत? तुम्ही म्हणत होतात सांगायचं नाही, मी म्हणत होते सांगायचं. इतक्या चहांवर, इतक्या बसस्टॉपवर आपण दोघी भांडलो, आणि ज्याचं आहे त्याला विचारावं हे एकीच्याही डोक्यात आलं नाही. की त्या शनिवारी तुमच्या डोक्यात हेच आलं होतं? मी तसं धरून चालणार आहे. तुम्हाला नाही म्हणायला आता येता येत नाही.

अधीक्षकांना मी दुसऱ्याच दिवशी भेटले. ते म्हणाले, बरं झालं, निभावलं. मी म्हटलं, निभावलं नाही सर, शिकवलं होतं म्हणून झालं. आणि क्लास आता ड्युटीत धरायचा, नव्या मामाला क्लासला बसल्याशिवाय वॉर्डाची चावी द्यायची नाही, पोलीस गार्डलाही एकदा बोलवायचं. ते म्हणाले, बघू. मी म्हटलं, तुम्ही बघा, मी येत्या बुधवारपासून सुरू करते. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, अगं हळू, ओढू नकोस. ओढत नाहीये. पण ढिलंही सोडणार नाही, ताई. तुमचं हे एवढं मी ऐकणार नाही.

काकांनी परवा तुमची शिवणाची टोपली दिली. तिच्यात फ्लॅनेलची एक पिशवी अर्धी शिवलेली होती, सुई तशीच टोचलेली. माझी शिवण वेडीवाकडी आली, पण पुरी केली. ती संतोषला दिली.

परवा बुधवार. अडीच वाजता यशवंत शिकवणार आहे. मी आणि संतोष चादरी बाजूला सारून खुर्च्या मांडणार आहोत. एक नामदेवसाठी, पुढच्या रांगेत.